दृष्ट काढलेला चंबू

मित्रांनो, मॉस्कोतल्या एका प्रयोगशाळेच्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर बसलेला, बुडाशी करपलेला काचेचा म्हातारा चंबू म्हणजे मी. माझ्या पोटात एकदा पृथ्वीचे बालपण मांडले होते. फुशारकी नव्हे, खरेच सांगतो.

येफिम साव्हेलिच नावाच्या म्हाताऱ्या काचकारागिराने मला फुंकून घडवले. त्याच्या फुंकरीला लसणाचा वास होता. तिथून मी झिनाइदा अर्काद्येव्ना या संशोधिकेच्या हाती आलो. आदिकाळच्या समुद्रावर विजा कोसळल्या आणि त्यातून सजीवांचे पहिले घटक तयार झाले, असे तिचे म्हणणे. शेजारच्या टेबलावरचे ग्लेब इल्यिच म्हणत, "विजा कसल्या घेऊन बसलात! जीव जन्मला तो तापल्या चिखलात." भांडण नऊ वर्षांचे, चहा मात्र एकाच किटलीतला.

ती माझ्यात पाणी आणि प्राचीन हवेतले वायू भरायची, आठवडाभर उकळायची आणि वरून ठिणग्या पाडायची. चटके बसत, पण मला मोठा मान वाटे. मग त्या पाण्याचा थेंब कागदावर पसरवून औषध फवारले, की सजीवांचे घटक असतील तिथे जांभळे ठिपके उमटत. त्या वसंतात चक्क सात उमटले! महिनाअखेरीस सर्वांपुढे निबंध वाचायचे ठरले. तिची नोकरी त्यावरच टिकणार होती.

"ठिणगी न पाडता कधी उकळून पाहिलंत?" ग्लेब इल्यिचनी विचारले.

"जळता तुम्ही माझ्यावर."

"जळतो की. पण उकळून बघा."

तिने उकळले. ठिणगी नाही, तरी सात ठिपके! झिनाइदाने कागद उजेडात धरला. "हे आले कुठून?"

मला धुणाऱ्या पाशा मावशी दारात उभ्या होत्या. झिनाइदाला त्या लाडाने झिनोच्का म्हणत. त्यांना रडू फुटले. "झिनोच्का, माझंच पाप गं. एवढा देखणा चंबू, येणारा जाणारा वाखाणतो. म्हणून धुऊन ठेवला की डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू करते. आपल्यात करतातच ना?"

"खरंखुरं थुंकता?"

"मग? खोटं थुंकून दृष्ट जाते होय?"

आणि मी त्यांच्या डावीकडेच आ वासून बसलेला असायचो; थुंकीतले सजीवांचे घटक थेट माझ्या पोटात! ग्लेब इल्यिच खो खो हसले. झिनाइदाचा चेहरा पाहून मात्र त्यांनी चहाची किटली चढवली.

निबंधाच्या दिवशी ती उभी राहिली. "माझे सातही ठिपके रद्द समजा. चंबूचं तोंड झाकणं माझं काम होतं. मी ते केलं नाही." एवढेच बोलून ती बसली. सभागृहात कुजबुज झाली, कुणी हसलेही. मला फार वाईट वाटले.

नंतर तिने मला स्वतः धुतले, तोंड बंद केले आणि पुन्हा आठवडाभर उकळले. या खेपेला ठिणगीविना काहीच उमटले नाही. ठिणगीने उमटले ते फिकट, आणि दोनच. ग्लेब इल्यिच चष्मा वर सारून बराच वेळ बघत राहिले.

"दोनच आहेत," ती म्हणाली.

"दोन आहेत," ते म्हणाले, "आणा तो अहवाल. मी सही करतो."

नऊ वर्षे भांडणाऱ्याच्या त्या सहीने तिची नोकरी वाचली.

मित्रांनो, जीव विजेतून आला की चिखलातून, हे मला अजून ठाऊक नाही. माझी विनंती साधी आहे. मला जपायचे असेल, तर आधी माझे तोंड झाका. आणि एखादी पाशा मावशी रडत आपली चूक सांगायला आली, तर सभेत तिचे नाव घेऊ नका.