एका शून्याचं टेबल

लास वेगासच्या एका हॉटेलात आम्ही पाचजणी एकाच मजल्यावरच्या खोल्या आवरतो. युलालिया सगळ्यांत मोठी. 'हे तुमच्यासाठी नाही' असं कुणी म्हटलं की तिच्या अंगात येतं. मी नोएमी, तिच्याच गावची, एल साल्वादोर देशातली. तिच्यामागे जायची मला जुनी खोड आहे.

एकदा एक म्हातारा फ्रेंच पाहुणा बॅग भरता भरता चरफडत होता. चादर बदलणाऱ्या युलालियानं विचारलं, "काय हो, काही हरवलं का?"

"अक्कल हरवली! काल खाली रूलेटच्या चाकावर, गोटी लाल घरात पडेल म्हणून पैसे लावत बसलो. आमच्याकडे चाकावर हिरवं शून्य एकच. गोटी त्यात पडली की लाल आणि काळं दोन्ही हरतात, पण निदान अर्धे पैसे परत मिळतात. समुद्र ओलांडला की शून्यं दोन होतात. आणि तुमच्या खालच्या टेबलावर तर तीन! वर परत काही मिळत नाही."

"मग बसलात कशाला?"

"आधी मोजली नाहीत ना! समोरच्या कॅसिनोत, आतल्या दालनात, अगदी आमच्यासारखं टेबल आहे म्हणे. पण तिथं शंभर डॉलरच्या खाली खेळू देत नाहीत."

दुपारी जेवताना युलालियानं आम्हाला हे सांगितलं, तोंडातला पुपुसाचा, आमच्याकडच्या सारण भरलेल्या मक्याच्या भाकरीचा, घास तसाच ठेवून. "बघा गं, ज्याचा खिसा भरलेला त्याला एक शून्य. वीस डॉलर घेऊन येणाऱ्याला तीन. गरिबाच्याच भातात खडे जास्त!"

मर्लिता फिलिपिन्सची, जिभेची तिखट. "मग चाकाशी जाऊन भांडणार आहेस?"

"भांडायचं कशाला, खेळायचं. प्रत्येकीनं वीस काढायचे."

"वीस डॉलरात माझी आठवड्याची भाजी येते, बाई."

"दर रविवारी त्या तीन शून्यांवर वीस उधळतेस, तेव्हा भाजी आठवत नाही वाटतं?"

सगळ्यांत आधी पैसे मर्लितानंच काढले.

रविवारी दुपारी चर्चमधून आम्ही थेट तिकडेच गेलो. दालनाच्या दाराशी सुटातला माणूस उभा होता. "बायांनो, इथं मोठे डाव चालतात. मशीनं त्या बाजूला."

"मशीन कुणी मागितलं? आम्हाला चाक हवंय."

"कमीत कमी शंभर..."

युलालियानं नोटा पंख्यासारख्या पसरून धरल्या. "मला वाचता येतं. पाटीवर शंभर लिहिलंय. खेळणारीचं तोंड कसं असावं, ते नाही लिहिलं."

"खुर्ची एकालाच मिळते."

"मी बसते. या माझ्या बहिणी, मागे उभ्या राहतील."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मर्लिताकडे पाहिलं, इथिओपियाच्या उंचनिंच त्सेहाईकडे पाहिलं. "सख्ख्या?"

"पगार एकाच दिवशी होतो आमचा. याहून सख्खं काय असतं?"

तो बाजूला झाला. आत गालिचा इतका जाड की आमच्या पावलांचा आवाजच येईना. टेबलापाशी एकच गृहस्थ होता, समोर पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा ढीग. युलालियानं चाक नीट निरखलं. शून्य खरंच एक होतं. नोटांच्या बदल्यात शंभराची एक काळी चकती मिळाली, ती तिनं काळ्यावर ठेवली.

गोटी फिरली, उड्या मारत राहिली, आणि हिरव्यात जाऊन बसली.

 मर्लितानं चाकाच्या आईचा उद्धार केला. तो गृहस्थ हसला, "संपली हौस?"

तेवढ्यात चाक फिरवणाऱ्या बाईनं आमची चकती उचलली आणि तिच्या जागी पंचविसाच्या दोन ठेवल्या. "अर्धे परत, मॅडम."

युलालिया आमच्याकडे वळली. "बाहेर तीन शून्यांवर असतो तर?"

"बाहेर पुसून नेले असते," मर्लिता म्हणाली. आणि आम्हाला हसू फुटलं. प्रत्येकीचे दहा डॉलर गेले होते, तरी आम्ही लग्नघरातल्या बायकांसारख्या हसत सुटलो.

सुटातला माणूस धावत आला. "पन्नासावर पुढचा डाव होत नाही. खुर्ची सोडा."

"खेळणाऱ्याला पेय फुकट ना? संत्र्याचा रस सांगितलाय. तो येऊ दे."

रस आणणारी मुलगी आमच्याच युनियनची निघाली. तिनं न विचारता पाच ग्लास आणले. तो माणूस घड्याळ बघत उभा राहिला आणि आम्ही घोटघोट पीत राहिलो.

पुढच्या पगाराला गेलो तर पाटी बदललेली. दोनशे! सुटातल्या माणसानं गोड हसून पाटीकडे बोट केलं. युलालिया तशीच परत फिरली.

त्याच्या पुढच्या पगाराला आम्ही दहाजणी होतो. धुलाईखात्यातल्या बायकाही आल्या होत्या. "पाचशे करून बघ," युलालिया त्याला म्हणाली. "आमच्या हॉटेलात खोल्या दोन हजार आहेत. त्या आवरायला किती बायका लागतात, घे हिशोब करून."

त्यानं वाट सोडली. त्या दिवशी गोटी लालवर पडली, आणि आम्ही काळ्यावर होतो. सगळे गेले. ढीगवाल्या गृहस्थाचेही गेले, कारण तोही काळ्यावर होता. युलालिया त्याच्याकडे वळून म्हणाली, "संपली हौस?"