आधी मी, मग गोळी

हे लिहिणारच न्हवतो मी. काखेत धरून पिप्प वाजवायची वस्तू, तिनं बोलावं कशाला? पण डोकं फिरलंय. म्हणून बोलतो.

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर हाय. आयुष तान्हा असताना त्याच्या बापानं, महेंद्रनं, मला शिरूरच्या मेडिकलमधून आणलं. लस दिली की पोराला ताप यायचा, तवा सगळी माझ्या तोंडाकडं बघायची. आजी भागुबाई मला पदरानं पुसायची. पोरगं मोठं झालं आन् मी फळीवर पडलो, गंजक्या कात्रीशेजारी. सेल संपला तरी कुणी इचारलं न्हाई.

मग आयुषच्या आईला, मायाला, छातीत गाठ निघाली. कॅन्सर. पुण्याला केमो सुरू झाली. औषधानं गाठ बारीक करायची, मग ऑपरेशन. नवा सेल घालून मलाबी पिशवीत टाकलं.

मोनिका सिस्टर सलाईन लावता लावता सांगत होती, "ताई, भराभर वाढणाऱ्या पेशींना हे औषध मारतं. कॅन्सरच्या पेशी तशाच. पण केसांच्या मुळाच्या, तोंडाच्या आतल्या, रक्त बनवणाऱ्या पेशीही तशाच. म्हणून केस जातील, तोंड येईल. नंतर भरून निघतं. लघवी लाल दिसली तर घाबरू नका, औषधाचा रंग आहे."

"आन् ताप?" महेंद्र म्हणाला.

"ताप आला तर थांबायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर साधा जंतूही जिवावर बेततो. शंभराच्या वर गेला की फोन करा आणि निघा. मनानं तापाची गोळी देऊ नका."

ऐकलं सगळ्यांनी. आन् दुसऱ्या डोसानंतर न्हावऱ्याला, आमच्या गावी आल्यावर काय? आठवडाभर भेटायला माणसं! न्हाई गेलं तर नावं ठेवत्यात ना. एक मावशी खोकतच आली, मायाच्या तोंडावरनं हात फिरवला. "अगं बया, केस कुठं गेलं?"

"पार्लरला धुवायला टाकल्यात, मावशी."

सगळी हसली. मला न्हाई आलं हसू. मायाचं तोंड लालबुंद झालं होतं आन् मी फळीवर.

भागुबाईनं कपाळाला हात लावला. "कणकण हाय नुसती. माणसं बसल्यात, गोळी घे, उठून बस जरा."

मायानं गोळी गिळली. तासाभरानं तिला घाम फुटला. मग मला काढलं. मग! मी काय दाखवणार, नव्व्याण्णव. "नॉर्मल हाय," म्हणत महेंद्र कारेगावच्या कंपनीत शिफ्टला गेला. आरं, गोळीनं झाकलेला ताप मला कसा दिसंल?

संध्याकाळी गोळीचा जोर उतरला. माया थंडीनं थडथड उडायला लागली. तिनंच मला काखेत धरलं. एकशे दोन.

"आई, गाडी सांगा. निघायचंय."

"अगं, पण रोहिदासमामा आत्ताच आल्यात, चहा तरी..."

"मामांचीच जीप घ्या मग!"

मामा कप तसाच ठेवून उठले. भेटायला येऊन कामाला आलेला तेवढा एकच माणूस.

पुण्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी जवळजवळ न्हवत्याच. रातभर अँटिबायोटिक चाललं. वाचली. थोडक्यात.

औषधाला शिव्या देऊ नका, मित्रांनो. गाठ निम्मी झालीय त्यानं. जीव जात होता तो आपल्या भिडेपायी.

आता भागुबाईनं मला दाराच्या खुंटीला टांगलंय. खोकणाऱ्याला ती अंगणातनंच माघारी धाडती.

माया, परवा तुझा पुढचा डोस. तू दोस्त हायेस माझी, म्हणून सांगतो. गोळीच्या आधी मला धर. आकडा वाईट असला तरी तोंडावर सांगीन. दारात सगळं गाव बसलेलं असू दे, मी वाजणार.