डोक्यात काही नाही

“कापलंस बाम, कापलंस मला!” कंपाउंडर खुर्चीत ताठ झाला. गालावरच्या पांढऱ्या फेसातून लाल रेघ हनुवटीकडे उतरत होती.

बामचा वस्तरा हवेतच थांबला. त्याच्या वस्तऱ्याने आजवर कुणाचं रक्त काढलं नव्हतं. दाढी करून घेताना राजकारणावर बोलणाऱ्यांचंसुद्धा नाही. त्या वस्तऱ्याला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

बाम हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्याची बोटं डोक्यावरून फिरली की मुरलेली डोकेदुखीही काढता पाय घेई, म्हणून गिऱ्हाइकांनी ते चिकटवलेलं. आणि आता महिनाभर बामचंच डोकं दुखत होतं. उजव्या कानामागे कुणी स्क्रू पिळत असावं तसं. उठलं की दुकान गरगरायचं, डाव्या हाताला मुंग्या यायच्या. त्याने स्वतःचं डोकं चेपून पाहिलं. पण आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, त्यातलाच प्रकार.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला, उजेडात धरला आणि म्हणाले, “डोक्यात काही नाही.”

“हे मी लग्नापासून सांगतेय,” बायको म्हणाली. “त्याला फोटो कशाला हवा होता?”

डॉक्टर हसले, बाम हसला, गोळ्या बांधणारा हा कंपाउंडरही हसला. बायको हसली नाही. तिने नवऱ्याचा दंड धरला, तो घर येईस्तोवर सोडला नाही.

बामने घाईघाईने कंपाउंडरच्या गालावरचा फेस पुसला. गाल कोरा करकरीत. ओरखडासुद्धा नाही.

“मग रक्त काय आकाशातून पडलं?”

बामने डावा हात पाहिला. वस्तऱ्याची धार अंगठ्यावर पारखायची त्याची सवय. अंगठा चांगलाच चिरला होता आणि त्याच अंगठ्याने तो इतका वेळ गाल ताणत होता.

“दुखत नाही?” कंपाउंडरने विचारलं.

“कळलंच नाही रे.”

कंपाउंडरने खांद्यावरचा पंचा काढून अंगठ्याला गुंडाळला. नेहमी सल्ले देणारा माणूस गप्प झाला, तेव्हा बामला पहिल्यांदा भीती वाटली.

“बस. दुसरा गाल राहिलाय.”

“राहू दे.”

“अर्ध्या दाढीने जाशील? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. तू आधी माझ्याबरोबर दवाखान्यात चल.”

“डोक्यात काही नाही म्हणालेत की!” म्हणत बाम हसला. समोरच्या आरशात त्याचा उजवा गाल वर गेला. डावा जागचा हलला नाही. त्याने पुन्हा हसून पाहिलं.

कंपाउंडरने आरशावरून नजर हटवली.

बामने वस्तरा धुतला, नीट पुसला. मिटायला डावा हात वर येईना. थोडा वेळ त्याने वाट पाहिली. मग ते उघडं पातं स्वतःकडे ठेवून वस्तऱ्याची मूठ कंपाउंडरपुढे केली.

“जरा मिटून दे,” तो म्हणाला.