गेत्झलचं बदललेलं नाव

आमच्या शेजारचा टोप्या शिवणारा गेत्झल थंडीत तापानं फणफणला. वैद्यानं हात टेकले, तेव्हा त्याच्या बायकोनं, सोस्यानं, रेब झुंडलना बोलावलं. ताईत लिहिणारा, देवाची गुप्त नावं जाणणारा माणूस. त्यांनी ताईत बांधला आणि प्रार्थनाघरात आम्हा सगळ्यांसमोर आजाऱ्याचं नावच बदललं. आजपासून हा आल्टर, म्हणजे म्हातारा. मृत्यूचा दूत गेत्झलला न्यायला येईल, गेत्झल सापडणार नाही, रिकाम्या हातानं परत जाईल. मात्र जुनं नाव कोणी उच्चारायचं नाही.

ताप उतरला. आल्टर काही चुलीच्या उबदार ओट्यावरून उतरेना. सोस्यानं लाकडं फोडायला सांगितलं की म्हणायचा, "लाकडं तो आधीचा माणूस फोडायचा. मी कुऱ्हाड उचलली तर दूत ओळखेल मला."

टोप्यांचंही तेच, पाणी आणायचंही तेच. जेवायचा मात्र जुन्या-नव्या दोघांच्या वाटचं. नवरा वाचलाय म्हणून सोस्या गप्प बसायची. शिवाय जन्मभर ज्या नावानं भांडली तेच घ्यायचं नाही, तर भांडण सुरू कुठून करणार?

आम्हा ज्यूंचा पेसाखचा सण जवळ आला. त्यासाठी तिनं बदकाची चरबी वेगळी राखली होती. त्या सणात खमिराचा कणही चालत नाही, आणि यानं मडक्यात पाव बुडवून खाल्ला. अख्खं मडकं बाद.

"गेत्झल, मेल्या!"

बाजारापर्यंत आवाज गेला. कसायाची सुरी थांबली. सोस्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि रडत रेब झुंडलकडे धावली, मी तिच्या मागे. माझ्या जिभेनं नवरा घालवला, एवढंच म्हणत होती.

रेब झुंडलनी सगळं ऐकलं, चरबीचंही. मग विचारलं, "आत्ता कुठं आहे तो?"

"ओट्यावर. पडलाय."

"मग उठवा, बाई. दूताला आता घर कळलंय. तो आजारी, आडवा पडलेला माणूस शोधणार. घाम गाळणाऱ्याकडे ढुंकून बघायचा नाही."

निरोप पुरा सांगून व्हायच्या आत आल्टर अंगणात. संध्याकाळपर्यंत त्यानं आमचीसुद्धा लाकडं फोडली.

अजून ठणठणीत आहे. सोस्या ते नाव पुन्हा कधी घ्यायची नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्यानं दुपारी पाठ टेकली, की ती ओट्यापाशी येऊन, हाक मारण्याआधी घेतात तसा, नुसता खोल श्वास घेते.