धाकटीचे डोळे

या, जरा पुढं सरकून बसा. टाळ खाली ठेवा. दोन बहिणींची गोष्ट सांगते, ऐकून मन निवेल.

वाघोलीच्या तुळजाबाईंनी चाळीस वर्षं डोळे मिटून कीर्तन ऐकलं. लोक म्हणत, काय ही तल्लीनता! खरं कारण वेगळंच. मैनाक्का त्यांची थोरली बहीण, आणि एकाच घरात दिल्यामुळं जाऊही. काचबिंदूनं मैनाक्काची नजर जाऊ लागली, तेव्हा तिनं देवीपुढं पदर पसरला, "माझे डोळे ने, पण धाकटीचे राख." खांबाआडून तुळजाबाईंनी ते ऐकलं. थोरलीचे गेले, धाकटीचे राहिले. हे अक्काचे डोळे आपण वापरतोय, हा सल उरात रुतला. म्हणून कीर्तनात तिच्याशेजारी बसल्या की त्या डोळे मिटत.

यंदा नात संस्कृतीनं दोघींना शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. घराण्यातच काचबिंदू, म्हणून डॉक्टर सुनीतींना सगळ्यांचं रक्त तपासायचं होतं. तुळजाबाई बाहेर चपलांपाशीच बसल्या.

"माझं कशाला? मी धडधाकट हाय."

"म्हणूनच हवंय," डॉक्टर म्हणाल्या. "आजारी माणसं आपणहून येतात. तुमच्यासारखी शोधून सापडत नाहीत."

काही महिन्यांनी दोघी बहिणींना बोलावणं आलं.

"आजी, तुमच्या जनुकात एक दुर्मीळ बदल आहे. बहुधा त्यामुळंच डोळ्यांतला दाब वाढला नाही. यावरून उद्या औषधही निघू शकेल."

"कवापासून हाय ह्ये?"

"जन्मापासून."

तुळजाबाई पुढं वाकल्या. "म्हंजी अक्काच्या नवसाच्या आधीपासनं?"

मैनाक्का चमकली. "त्ये ऐकलं व्हतंस तू? आन् इतकी वर्षं उरावर घिऊन बसलीस? येडी का खुळी! देवीनं तुला कवाच दिलं व्हतं. मीच उशिरा मागाय गेले."

त्या संध्याकाळी देवळात कीर्तनाला बसल्यावर मैनाक्कानं बहिणीच्या पापण्यांवरून बोटं फिरवली. मिटलेल्याच!

"उघड आता. बुवांचा फेटा कुठल्या रंगाचा हाय?"

"लाल... न्हाई गं, डाळिंबी."

"नीट बघून सांग की!"

तुळजाबाई सांगत राहिल्या. बुवांनी दोनदा खाकरून पाहिलं, पण बहिणी काही गप्प बसेनात.

बाबांनो, काचबिंदू पाऊल न वाजवता येतो. डोळे तपासायला जाल, तेव्हा मैनाक्काची आठवण ठेवा. स्वतःची नजर जाताना तिनं धाकटीसाठी पदर पसरला होता.