दोनशे तेराची किल्ली

जगातला सगळ्यात वाईट आवाज कुठला, असं लिफ्टवाल्या काकांना विचारलं ना, तर ते पटकन सांगायचे: दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकते आणि आतली माणसं धडाधड बटणं दाबत सुटतात, तो. वीस वर्षं लिफ्टच दुरुस्त करतायत ते. दाराच्या फटीला तोंड लावून ओरडायचे, "काही दाबू नका! गप उभे राहा! काढतो तुम्हाला!" आता एवढं शहाणपण ज्या माणसाच्या अंगात मुरलंय, त्याने लेकीला होस्टेलला सोडायला जाऊन काय घोळ घालावा? तर ऐका.

लेक म्हणजे ठकू. हे घरातलं नाव. ठकू लहानपणापासून बोलताना अडखळायची. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथेच पाय रोवून बसायचा, हटवादी पोरासारखा. मग काका काय करायचे, तर तो शब्द स्वतःच बोलून टाकायचे. दुकानात, दवाखान्यात, शाळेत, पाहुण्यांसमोर. पुढे पुढे तर इतकं अंगवळणी पडलं की ती तोंड उघडायच्या आत यांचं उत्तर हजर! ठकूच्या आईला काही रजा मिळाली नाही, तिने निघतानाच दारात बजावलं होतं, "आज तिचं तिला बोलू द्या हं. तुमची जीभ घरी ठेवून जा."

"मी कुठे बोलतो?" काका म्हणाले.

आणि कॉलेजच्या पहिल्याच टेबलावर, "बाळ, नाव काय तुझं?" असं विचारल्याबरोबर काकांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, वर रक्तगटही सांगून टाकला, तो तर कुणी विचारलाही नव्हता.

"बाबा," ठकू हळूच म्हणाली, "र... रक्त तरी माझं होतं ना?"

काका ओशाळून हसले.

खोली मिळाली दोनशे तेरा, दुसऱ्या मजल्यावर. दोन पलंग, दोन कपाटं, एक खिडकी, आणि कुलूप असं घट्ट की किल्ली फिरता फिरेना. घट्ट कुलूप बघितलं की काकांचे हात शिवशिवतात. खिशातून तेलाची बारकी बाटली काढली, दोन थेंब सोडले, दहा वेळा किल्ली फिरवून बघितली. "बघ आता, लोणी!" आणि किल्ली टाकली स्वतःच्या जुडग्यात अडकवून. वीस वर्षांची सवय हो! दोघांच्याही लक्षात आलं नाही. ठकूचं लक्षच नव्हतं, कारण खोलीतली दुसरी मुलगी, डोक्यावर कुरळ्या केसांचं हे एवढं जंगल, तिला विचारत होती की खिडकीजवळचा पलंग कुणाचा. आणि ठकू अडखळत अडखळत, पण स्वतः, सांगत होती. काका बघत राहिले असते तर बरं झालं असतं. पण पालकांना खाली फॉर्म भरायला बोलावलं होतं.

फॉर्म साधाच. पत्ता, फोन, औषधांची ॲलर्जी. आणि सगळ्यात शेवटी एक मोठा रकाना: 'आपल्या मुलीविषयी आम्हाला माहीत असावं असं काही?' शेजारी बसलेल्या काकू तर रकाना संपवून मागच्या पानावर पोचल्या होत्या. "आमची पंख्याखाली झोपली की शिंकते," त्या लिहिता लिहिता सांगत होत्या. "तुम्ही काय लिहिताय?"

काकांनी पेन हातात धरला. एकदा वाटलं, 'काही नाही' लिहावं. मग डोळ्यासमोर चौथीतली ठकू आली, वर्गासमोर उभी, लालबुंद, आणि मागे खिदळणारी पोरं. आणि त्यांनी लिहून टाकलं: 'मुलगी बोलताना अडखळते. कृपया चारचौघांत बोलायला लावू नये.' खाली रेघ मारली. मग अजून एक मारली. फॉर्म दिला आणि छातीवरचा दगडच उतरला. बापाचं कर्तव्य केलं!

दगड उतरला तो पंधराच मिनिटं.

सगळ्यांना सभागृहात बसवलं, मुली पुढे, पालक मागे. वॉर्डनबाई हसऱ्या. म्हणाल्या, खोलीच्या नंबराने एकेकीला बोलावते, उभं राहायचं, नाव सांगायचं, आणि घरून आणलेली अशी एक वस्तू सांगायची जी मैत्रिणीने मागितली तरी देणार नाही. मग काय, धमाल! कुणी म्हणाली उशी, कुणी म्हणाली चार्जर, कुणी म्हणाली धाकट्या भावाचा चोरलेला शर्ट. दोनशे बारा झाली. दोनशे तेराची कुरळी उठली, "माझा कंगवा, आणि माझे केस बघून कुणी मागणारही नाही," म्हणाली, हशा. मग बाई म्हणाल्या, "दोनशे चौदा."

ठकूचा हात वर होता.

काकांना मागून तिची फक्त वेणी आणि हात दिसत होता. सरळ, ताठ हात. बाईंनी तो बघितला. आणि काय गोड हसल्या त्या, मान तिरकी करून, आणि तळहाताने खूण केली: बस बाळा, असू दे. हात तसाच वर राहिला थोडा वेळ, मग हळूहळू खाली आला. कुरळीने ठकूकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं. तिला काही कळेना.

काकांना सगळं कळलं. लिफ्टची दोरी सुटावी तसं काहीतरी आत सुटून खाली खाली गेलं. चौथीतली पोरं निदान नुसती हसली होती. उभं राहण्याआधीच कुणी खाली बसवलं नव्हतं तिला.

उठून ओरडावं, 'अहो, माझी मुलगी राहिली!'? म्हणजे परत आपणच बोलायचं. न उठावं, तर हा हात खाली आलेला बघत बसायचं. दोनशे सतरापर्यंत त्यांना काही सुचेना. मग ते भिंतीकडेने वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत, पुढे गेले आणि बाईंच्या कानाशी लागले.

"बाई, ते मी लिहिलं होतं ना... ते खोडा."

"पण तुम्हीच दोन रेघा मारल्यात," बाई कुजबुजल्या.

"चुकलं माझं. तिला विचारलंच नव्हतं मी."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. शेवटची खोली झाल्यावर त्या मोठ्याने म्हणाल्या, "कुणी राहिलंय का?"

हात वर आला नाही. काका भिंतीला टेकून उभे. एक, दोन, तीन... ये ना गं, ये. आणि ठकू हात वर न करताच उठली. नाव आलं, सरळ आलं. "आणि मी आणलीये..." झालं! अडकला शब्द. मागे कुणीतरी खाकरलं. काकांना माहीत होता तो शब्द, बॅग त्यांनीच भरली होती, त्यांनी दात दातांवर दाबून धरले, जबडा दुखायला लागला.

"...इ... इस्त्री," ठकू म्हणाली. "मागितली तर देणार नाही. पण क... कपडे आणून टाकलेत तर पैसे घेऊन करून देईन."

असा हशा पिकला म्हणता! कुरळीने तर टेबल बडवलं. काकाही हसले आणि त्याच क्षणी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी इतकी मजेशीर बोलते? घरी का नाही कधी ऐकलं? कारण 'इ' म्हटल्याबरोबर आपण 'इस्त्री' म्हणून मोकळे झालो असतो, पुढचं ऐकायला थांबलो असतो कशाला!

बाहेर आल्यावर ठकूने विचारलं, "बाईंनी मला बस का म्हटलं? तू काय सांगत होतास त्यांना?"

"यादीत घोळ होता," काका म्हणाले. "राहिलं होतं तुझं नाव."

"अच्छा," म्हणाली, आणि विश्वास ठेवला. विश्वास ठेवला, हेच तर! भांडली असती तर परवडलं असतं.

बसथांब्यावर काका उभे राहिले खरे, पण ते खोटं दातात अडकलेल्या सालीसारखं टोचत होतं. बस लांब वळणावर दिसली आणि फोन वाजला.

"बाबा, माझी कि... कि..."

काकांचा हात खिशात गेला. जुडगा. त्यात दोनशे तेरा, पितळी, तेलाने अजून ओशट. शब्द त्यांच्या जिभेवर होता, वस्तू हातात होती. बस आली. दार उघडलं. "चला काका," ड्रायव्हर म्हणाला. काकांनी मान हलवली. फोनमधे श्वास ऐकू येत होता, कि, कि, आणि परत श्वास. "येताय का नाही?" काकांनी फोन कानाला आणखी दाबला. बस गेली, आणि पुढची दीड तासाने होती.

"...किल्ली," ठकू म्हणाली. "तू नेलीस का?"

"नेली. आणतो."

फाटकाबाहेर ती आणि कुरळी दोघी उभ्या होत्या. काकांनी जुडग्यातून किल्ली सोडवली, नखं लागली, सुटेना, सुटली. देताना एका दमात म्हणाले, "यादीत घोळ नव्हता. फॉर्मवर मी लिहिलं होतं. हिला चारचौघांत बोलायला लावू नका म्हणून. मग तेच खोडा म्हणून बाईंच्या कानाशी लागलो. आणि मघाशी खोटं बोललो."

कुरळी फाटकाच्या आत सरकली.

ठकूचा चेहरा बघवेना. "मला ह... हिरवी सॅक हवी होती," ती म्हणाली.

"काय?"

"आठवीत. दुकानदाराने मला विचारलं, तू काळी सांगितलीस. तीन वर्षं काळी वापरली मी. लि... लिफ्टमधल्या लोकांना काय सांगतोस रे तू?"

सांगण्यासारखं खूप होतं, की पोरं हसली होती, की तुझ्यासाठीच केलं, की आईने बजावलं होतं तरी राहवलं नाही. त्यातलं काही काकांनी म्हटलं नाही.

"म्हणजे आधी न विचारता लिहायचं, मग न विचारता खोडायचं," ठकू म्हणाली. "माझ्याशी कधी बोलणार होतास?" डोळे पुसले, तेही रागारागाने. "जा आता. पोचलास की फोन कर. आणि मी बोलेपर्यंत ठेवू नकोस."

ती आत गेली. मागे बघितलं नाही तिने, खोटं कशाला सांगायचं.

वॉचमनने रजिस्टर पुढे सरकवलं. "काका, दुसऱ्यांदा आलात, नोंद करावी लागेल." नाव, वेळ, कुणाला भेटलात. कशासाठी? 'किल्ली,' काकांनी लिहिलं. शेवटी एक रकाना होता, शेऱ्याचा.

"तो भरला नाहीत," वॉचमन म्हणाला.

"नाही," काका म्हणाले, आणि पेन परत दिला.