मार्गेडच्या नावाची बाटली

मेंढ्यांची लोकर उतरून झाली होती आणि डोंगराच्या उतारावरचा नेचा कमरेएवढा वाढला होता. ह्या दिवसांत गोचीड माजतं. मार्गेड दाराच्या पायरीवर बसून मॉटला विंचरत होती. मॉट म्हणजे तिचा मेंढ्या वळणारा कुत्रा. रानात आडदांड मेंढ्यालाही मागं सारणारा, पण फणी दिसली की शेपूट पायांत घालायचा. कानामागं, काखेत, बोटांच्या बेचक्यात ती एकेक जागा चाचपायची. गोचीड लागलं की चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचं आणि साबणाच्या पाण्यात टाकायचं.

"हल नगंस, रांडेच्या," ती म्हणाली. "तुझ्याच भल्याचं चाललंय."

पाऊस भुरभुरत होता. खालच्या दलदलीत वासाच्या झुडपांची रानं ओली झाली होती. त्याच झुडपाच्या डहाळ्या वाळवून ती कुत्र्याच्या अंथरुणात कोंबायची, म्हणजे पिसवा होत नाहीत. त्याच डहाळ्या उकळून, पाणी निववून, त्यात जरासा आंबट शिरका घालून ती कुत्र्याच्या पायांवर शिंपडायची. तिची आई हेच करायची. कुणी मागितलं तर मार्गेड बरणी भरून द्यायची आणि वर सांगायची, "ह्यानं निम्मं काम हुतं. निम्मं फणीनं. रोज विंचरलं न्हाई, तर माझ्या नावानं बोंबलू नगा."

फाटक वाजलं. शेजारच्या शेतावरचा इद्वल आला होता. सडाफटिंग म्हातारा. त्यानं काखोटीला गोणपाट धरलं होतं. ते त्यानं हळूच पायरीवर ठेवलं. आत त्याची मांजर होती, टिटू. अकरा वर्षं त्याच्या छातीवर झोपलेली.

"गेली," तो म्हणाला. "तीन दिस वकत हुती. डॉक्टर म्हनला, इखार गेलाय पोटात. यकृत जळालं."

"अरे देवा. कशानं रं?"

इद्वलनं खिशातून बाटली काढून तिच्यापुढं धरली. "तुझ्या औषधानं. पिसवांसाठी अंगाला चोळलं, तिनं चाटलं."

बाटलीवर कागद डकवला होता. 'मार्गेडचा घरगुती काढा. पिसवा, गोचीड, सगळ्यांवर.' अक्षर ओळखीचं होतं. ते नान्सीचं होतं. नान्सी म्हणजे मार्गेडची नणंद. गावातलं एकुलतं दुकान तिचं. वसंतात तिनं मार्गेडकडून काढ्याची रीत विचारून घेतली होती, 'माझ्या सियानसाठी' म्हणून. सियान तिची मांजर. मार्गेडनं शेजारी बसवून सगळं सांगितलं होतं. मार्गेडचा नवरा ह्यू गेला तेव्हा त्याचे डोळे ह्याच नान्सीनं मिटले होते. तिच्यापासून काय लपवायचं?

मार्गेडनं बूच काढून वास घेतला. पुदिन्यासारखा भपकारा नाकात गेला. रानपुदिन्याचं तेल. मांजराला ते विष, म्हणून आई त्या तेलाला मांजराच्या आसपास फिरकू द्यायची नाही.

"इद्वल, ह्ये माझं न्हाई."

"नाव तुझं हाय." त्याचा आवाज चढला नाही, तेच तिला लागलं. त्यानं गोणपाट उचललं आणि तो निघून गेला.

मार्गेडनं तसाच अंगावर कोट चढवला. उतार उतरताना तिच्या मनात एकच होतं, नान्सीला ठाऊक नसणार. चुकून काहीतरी पडलं असणार. सांगितलं की ती कपाळाला हात लावील, इद्वलच्या दारी जाईल.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. इद्वलही दाराशी उभा होता, फावडं घ्यायला आला होता. फळीवर तशाच नऊ-दहा बाटल्या मांडल्या होत्या. गल्ल्यावर सियान पसरली होती.

"नान्सी, ह्यात काय घातलंस?"

नान्सीनं एकदा बाटलीकडं पाहिलं, एकदा गिऱ्हाइकांकडं. मग तिनं आवाज एकदम मऊ केला.

"मी कशाला काय घालू, वैनी? तू धाडलंस, मी मांडलं. आता वय झालंय तुझं. काय उकळतीस, काय वततीस, ध्यानात ऱ्हात न्हाई. मागं एकाच मेंढराला औषध दोनदा पाजलं हुतंस, इसरलीस? मी कुनाला बोलले न्हाई."

मेंढराची ती गोष्ट खरी होती. ह्यू गेल्याच्या आठवड्यातली. तिनं ती नान्सीच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितली होती.

गिऱ्हाइकं खाली बघू लागली. एक बाई हळूच म्हणाली, "बस जरा, मार्गेड. पानी देऊ?"

मार्गेड बसली नाही. तिनं फळीवरची एक बाटली घेतली, बूच काढलं, तळहातावर ओतलं आणि सियानच्या पाठीकडं हात नेला. लावणार नव्हतीच ती. पण नान्सीनं झडप घालून मांजर छातीशी ओढली.

"तिला नगं लावूस."

"का गं? माझा काढा ना? मी तुझ्या सियानसाठीच तर सांगितला हुता."

मांजर नान्सीच्या हातांत वळवळत होती.

इद्वल पुढं आला. "तुला ठावं हुतं."

"तेलाच्या डब्यावर लिवलं हुतं," नान्सी म्हणाली, जमिनीकडं बघत. "मांजरापास्नं लांब ठेवा म्हून. मी थोडंच घातलं. नुसत्या पाल्याच्या पान्याला कोन इचारतंय? वास दमदार लागतो लोकांस्नी."

"आनि नाव माझं," मार्गेड म्हणाली.

"तुझ्यावर इस्वास हाय गावाचा."

"हुता," मार्गेड म्हणाली. तिनं मोरीत जाऊन हात धुतला, दोनदा साबण लावून, आणि चढ चढून घरी आली.

बाटल्या फळीवरून गेल्या. त्याखेरीज काही बदललं नाही. गाव पाव-दूध नान्सीकडूनच आणत राहिलं, दुसरं दुकानच नव्हतं. मार्गेडची माफी कुणी मागितली नाही. उलट, ती दूध आणायला गेली की बायका तिच्याशी सावकाश, मोठ्यानं बोलत, लहान पोरीशी बोलावं तसं. मेंढराची गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात राहिली होती. इद्वल मात्र एकदा फाटकाशी थांबला. "आवारातच पुरली तिला," म्हणाला. "सफरचंदाखाली." मार्गेडनं मान हलवली.

रविवारी ती प्रार्थनेला गेली. ह्यूच्या घराण्याचं बाक पुढं, डावीकडं. नान्सी तिथं आधीच बसली होती. तिनं सरकून जागा केली आणि हलकेच म्हणाली, "ये, वैनी. आपन घरचीच मान्सं."

"व्हय," मार्गेड म्हणाली. "म्हून तर."

ती मागं फिरली. एवढ्या डोळ्यांसमोरून चालत शेवटच्या बाकापाशी गेली. इद्वलनं टोपी उचलून जागा दिली. मग गाणं सुरू झालं आणि सगळे उठले. शेवटच्या कडव्यापर्यंत मार्गेड उभी राहिली, ताठ.